जुनी पिकअप घेतलीत? मग आधी खाली वाका

आंब्याच्या पेट्या, चिरे, मासळी, मंडपाचं सामान, चतुर्थीला गणपतीची मूर्ती... कोकणात पिकअपला भाड्याची कमी नाही, त्यामुळे जुनी बोलेरो पिकअप नाहीतर टाटा २०७ घेतलेले दोनचार जण प्रत्येक गावात सापडतात. गाडी घरी आली की पहिलं काय तर टेप आणि स्पीकर, मग काचेवर देवाचं नाव, आणि मग मोबाईलवर व्हिडिओ बघून इंजिन ऑइल बदलायचं. ऑइल बदला, चांगलंच आहे, पण ते व्हिडिओ बहुतेक घाटावरच्या कोरड्या हवेतल्या लोकांनी बनवलेले असतात. आपल्याकडे गाडी इंजिनने मरत नाही हो, जुनं डिझेल इंजिन ऑइलपाणी बघितलं तर वर्षानुवर्षं चालतं, आपल्याकडे गाडी मरते खालून. चेसी गंजते, पाट्यांचे (म्हणजे चाकावरच्या पट्टी स्प्रिंगचे) ब्रॅकेट गंजतात, ब्रेकचे पाईप गंजतात, आणि हे वरून काहीच दिसत नाही कारण विकणाऱ्याने काळा रंग मारून गाडी चकाचक केलेली असते. म्हणून इथे कामांचा क्रम उलटा दिलाय, आधी पाणी आणि गंज, मग ब्रेक, मग ग्रीस, आणि इंजिन त्यानंतर.

हे सगळं नवख्या माणसासाठी आहे. ज्याला पाना कसा धरायचा ते माहिती आहे पण गाडीखाली कधी गेलेला नाही, असा.

हत्यारं आणि गाडी उचलणं

फार काही लागत नाही. ८ पासून २४ पर्यंतचे रिंग आणि फिक्स पाने, एक गोटी पान्यांचा सेट, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, वायर ब्रश, ग्रीस गन, एक साधा मल्टिमीटर. ऑनलाइन शंभर पीसचा पेटारा मिळतो तो घेऊ नका, त्यातल्या गोट्या पहिल्याच गंजलेल्या बोल्टवर फाकतात. थोडीच हत्यारं घ्या पण बरी घ्या. आणि गंज सोडवणारा स्प्रे, तो दोन डबे. कोकणात कुठलाही नट पहिल्या झटक्यात सुटत नाही, आदल्या रात्री स्प्रे मारायचा, सकाळी परत मारायचा, थोडं ठोकायचं आणि मग पाना लावायचा. जोर लावून बोल्ट तुटला की अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं.

आता जॅक. इथे जरा थांबतो कारण जीवाचा प्रश्न आहे. जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. गाडी उचलली की चेसीखाली किंवा हाउसिंगखाली (मागच्या ॲक्सलचं लोखंडी कवच) लोखंडी घोडी लावायची, दोन घोड्या, आणि मगच खाली जायचं. आपल्याकडे घोडी नसली की पोरं काय करतात, तर परड्यात पडलेले चिरे एकावर एक रचतात आणि त्यावर चेसी टेकवतात. हे अजिबात करू नका. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहून कडक होतो हे खरं, घराच्या भिंतीत तो शंभर वर्षं उभा राहतो हेही खरं, पण भिंतीत वजन सगळ्या चिऱ्यावर सारखं पडतं. चेसीची कडा चार बोटांच्या जागेवर सगळा भार देते, त्यात चिरा सच्छिद्र, पाणी प्यायलेला, आत कुठे पोकळ असेल ते बाहेरून कळत नाही, आणि फुटतो तेव्हा आधी तडा वगैरे दाखवत नाही, एकदम बसतो. घोडी नसेल तर दुकानातून घ्या नाहीतर शेजारच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणा, तेवढे पण जमत नसेल तर त्या दिवशी गाडीखाली जाऊ नका.

खळ्यातली जमीन मातीची असेल तर जॅकखाली जाड फळी घाला, नाहीतर जॅकच जमिनीत जातो. मागची चाकं उचलत असाल तर पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, कारण हँडब्रेक पुढच्या चाकांना नसतो.

पहिलं काम: धुणं आणि बघणं

आमच्या इकडचा मिस्त्री कुठलीही गाडी समोर आली की एकच सांगतो, "आधी धुवन हाड, मगे बघतंय." म्हणजे आधी धुऊन आण, मग बघतो. त्याचं बरोबर आहे. चिखलाच्या थराखाली काय आहे ते धुतल्याशिवाय कळत नाही. सर्व्हिसिंग सेंटरला रॅम्पवर नेऊन खालून प्रेशरने धुवून घ्या, किंवा घरी पंप असेल तर घरी. पाणी मात्र गोडं पाहिजे. खाडीकाठच्या बोअरचं मचूळ पाणी वापरून धुतलं तर मीठ काढायच्या ऐवजी मीठ लावल्यासारखं होतं.

मासळी भरणाऱ्यांनी तर हे रोजच करायला पाहिजे. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, कुठूनही मासे भरा, बर्फ वितळतो आणि ते खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट क्रॉस मेंबरवर आणि मागच्या पाट्यांवर पडतं. मीठ वाळलं तरी हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे गाडी खळ्यात कोरडी उभी दिसली तरी रात्रभर गंज चालूच असतो. माल उतरला की त्याच दिवशी हौदा आणि हौद्याखालचा भाग गोड्या पाण्याने धुवायचा, हौद्यातलं रबरी मॅट उचलून धुवायचं. मॅट खाली तसंच ठेवून वरून पाणी मारणं म्हणजे काहीच नाही केलं.

धुवून गाडी वाळली की टॉर्च, छोटी हातोडी आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली जा. काय बघायचं ते सांगतो. मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चेसीला जोडलेत ती जागा, हौदा चेसीवर जिथे बसतो ती प्रत्येक जागा, हौद्याखालचे आडवे क्रॉस मेंबर, डिझेल टाकीचे पट्टे, आणि चेसीच्या कडेने मागे जाणारा ब्रेकचा बारीक पाईप. प्रत्येक ठिकाणी हातोडीने हलकं ठोकायचं. चांगलं लोखंड टणकन वाजतं, सडलेलं लोखंड भद्द वाजतं आणि पापुद्रे पडतात. जिथे भद्द वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर ते रंगाचं काम नाही, वेल्डिंगचं आहे, आणि चेसीचं वेल्डिंग घरच्या मशीनवर करायचं नाही, ज्याला चेसीचं काम येतं त्याच्याकडेच न्यायचं.

मग केबिनमध्ये या, पायाखालचं मॅट काढा. ड्रायव्हरच्या बाजूला पायाने आणलेलं पाणी मॅटखाली महिनोन्महिने राहतं आणि पत्र्याची चाळण होते. दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. काचेच्या खाली वायपरपाशी जी जाळी असते तिच्यात आंब्याचा पाला अडकून सडतो, तो काढा, नाहीतर पावसात पाणी सरळ आत फ्यूज बॉक्सवर येतं आणि मग हॉर्न दाबला की वायपर चालू असले चमत्कार सुरू होतात.

गंज काढायचा कसा

वेळ महत्त्वाची. दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत करा. मे महिन्यात हवेत घाम असतो आणि मृग तोंडावर येतो, तेव्हा सुरू केलेलं काम हमखास अर्धवट राहतं.

जागा धुवून दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग वायर ब्रशने, ग्राइंडरला लावायचा कप ब्रश असेल तर त्याने, सुटा गंज पूर्ण काढा. डोळ्याला चष्मा लावाच, त्या तारा तुटून उडतात. पापुद्रे निघून लोखंड दिसायला लागलं की फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर मिळतं ते ब्रशने लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, काळं पडतं. त्यावर प्रायमर. इपॉक्सी प्रायमर मिळाला तर उत्तम, नाहीतर रेड ऑक्साइड. पण इथे एक गोष्ट लोक विसरतात, नुसतं रेड ऑक्साइड लावून गाडी रस्त्यावर काढतात. रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही, त्याच्यातून ओल आत जाते, त्यावर काळ्या इनॅमलचे दोन हात पाहिजेतच. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही.

आणि ते डांबरासारखं काळं अंडरकोटिंग जे सर्व्हिसिंगवाले मारून देतात, त्याबद्दल माझं मत वाईट आहे. नव्या गाडीला मारा, काही हरकत नाही. जुन्या गाडीला गंजावरच ते मारलं तर वरून गुळगुळीत दिसतं आणि आत पाणी कोंडून लोखंड निवांत सडत राहतं, दोन पावसाळ्यांनी अख्खा थर पत्र्यासकट हातात येतो. सेकंडहॅन्ड गाडी घेताना खालून ताजं काळं कोटिंग दिसलं तर तिथे तर डबल ठोकून बघा.

चेसीच्या पोकळ भागात ब्रश जात नाही. तिथे भोकं असतात, त्यातून बारीक नळीच्या स्प्रेने कॅव्हिटी वॅक्स मारता येतो. गावाकडे बरेच जण जळकं ऑइल डिझेलमध्ये मिसळून चेसीला मारतात, गंज अडतो हे खरं, पण ते ब्रेकच्या लायनरवर उडालं तर ब्रेक गेलेच, रबरी बुशही फुगतात, आणि पहिल्या पावसात ते सगळं धुवून वहाळातून कोणाच्या तरी विहिरीत जातं. वॅक्स परवडत नसेल तर नवं ग्रीस हाताने थापा, पण जळकं ऑइल नको.

ब्रेक

करूळ, आंबोली, आंबा, कुंभार्ली, कुठलाही घाट घ्या, भरलेली पिकअप खाली आणताना सगळा भरवसा ब्रेकवर असतो. त्यामुळे ब्रेकचं तपासणं स्वतः शिका, पण पहिल्या वेळी सोबत जाणकार माणूस असू द्या. हे उगाच म्हणत नाही.

पहिल्यांदा ऑइल. बॉनेट उघडा, मास्टर सिलिंडरवरची बाटली बघा, पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये पाहिजे. पातळी खाली गेली असेल तर नुसतं टॉपअप करून गप्प बसू नका, एकतर पॅड झिजलेत नाहीतर कुठेतरी गळतंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, ही त्याची जातच आहे, आणि आपल्याकडे हवेत पाणीच पाणी. नवं डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तोच आकडा १४० पर्यंत उतरतो, डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबून चाकापाशी उष्णता तेवढी होऊ शकते, ऑइल उकळलं की आत वाफ होते, वाफ दबते आणि पाय सरळ खाली जातो. म्हणून दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं, दिसायला बरं असलं तरी. कुठलं घालायचं ते बाटलीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवा. अर्धा वापरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

बदलायची रीत अशी. मास्टर सिलिंडरपासून जे चाक सगळ्यात लांब, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, तिथून सुरुवात, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ब्लीडिंग निप्पलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवायचं. एकाने आत बसून पेडल दोनतीनदा दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल अर्धा आटा सोडायचा, ऑइल येतं, निप्पल बंद करायचा, आणि बंद केल्यावरच "सोड" म्हणायचं. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. मध्ये मध्ये वरची बाटली भरत राहा, ती रिकामी झाली की हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. निप्पल गंजून घट्ट बसला असेल तर जोर करू नका, स्प्रे मारून एक दिवस ठेवा.

मागचे ड्रम वर्षातून दोनदा तरी उघडा, पावसाआधी आणि पावसानंतर. हँडब्रेक सोडा, चाक काढा, बऱ्याच ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात मापाचे बोल्ट घालून दोन्ही सारखे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. काही गाड्यांना ड्रम हबसकट निघतो, तसं असेल तर गॅरेजवर द्या. आतली धूळ फुंकू नका, ती छातीत जाते, पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने धुवा. लायनर बघा, रिव्हेटच्या डोक्याच्या जवळ आला असेल तर बदला. मग व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने जरा उचला. आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. आणि लायनर तेलकट असेल तर बोटाला लावून वास घ्या, दाट आणि कुजका गंधकाचा वास आला तर ते हाउसिंगचं ऑइल, म्हणजे ॲक्सल सील गेलाय, पातळ आणि तसा वास नसेल तर ब्रेक ऑइल. दोन्हीकडे लायनर बदलायचाच, ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुवून परत लावणारे आहेत, त्यांचं ऐकू नका.

काही पिकअपला मागच्या ॲक्सलपासून चेसीवरच्या एका वाल्वला दांडी असते, लोड किती आहे त्याप्रमाणे मागचा ब्रेक कमीजास्त करणारी. गंजून ती जाम होते आणि मग रिकाम्या गाडीला मागची चाकं लॉक होतात नाहीतर भरलेल्या गाडीला मागचा ब्रेकच लागत नाही. हाताने हलवून बघा, हलत नसेल तर मिस्त्रीला दाखवा. हँडब्रेकची केबल पण अशीच जाम होते, पावसाळ्यात गाडी आठ दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

अजून एक, जे नव्या माणसाला माहिती नसतं. डिझेल पिकअपला ब्रेक हलका करणारा जो बूस्टर असतो त्याला व्हॅक्यूम लागतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तो व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. म्हणजे अल्टरनेटरचा बेल्ट तुटला की नुसतं चार्जिंग जात नाही, दोनचार ब्रेकनंतर पेडल दगड होतं. घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला तर "घरी जाऊन बघू" नाही, कडेला घ्या. आणि उतारावर गाडी न्यूट्रल किंवा बंद करून डिझेल वाचवणाऱ्यांनी पण हेच लक्षात ठेवायचं. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना.

ग्रीस

सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, शाफ्टची सरकती मान, पाट्यांच्या शॅकल पिना, पुढे बॉल जॉइंट किंवा किंगपिनला निप्पल असेल तर तिथे. निप्पल फडक्याने पुसायचा आधी, नाहीतर वाळू आत ढकलतो आपण. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसायला लागेपर्यंत पंप करायचं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने. ग्रीस जातच नसेल तर निप्पल बुजलाय, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, बदलून टाका. गिअर टाकून गाडी जागेवरून पुढे काढताना खालून "टक" आवाज आला तर क्रॉस गेलाय म्हणून समजा.

कॉजवेवरून पाण्यातून गाडी काढली असेल तर एक गोष्ट नक्की बघायची. हाउसिंग चालून तापलेलं असतं, गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हाउसिंगची हवा ये-जा करायची छोटी नळी) पाणी आत ओढलं जातं. वरचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर सीलवरच सगळा ताण येतो, म्हणून तो साफ ठेवा. दुसऱ्या दिवशी फिलर प्लग उघडून बोट घाला, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच काढून नवं भरा. गिअरबॉक्सला पण हेच. फिलर प्लग सुटतो का ते आधी बघा आणि मग ड्रेन प्लग काढा, उलटं केलंत आणि फिलर जाम निघाला तर ऑइलशिवाय गाडी खळ्यात उभी.

इंजिन

ऑइल पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाचदहा मिनिटांनी. १५ डब्ल्यू ४० डिझेलवालं ऑइल बहुतेक जुन्या पिकअपना चालतं, तरी पुस्तक बघा. इंजिन कोमट असताना ड्रेन करा, प्लगचा वायसर नवा घाला, नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा आणि फिल्टर हातानेच आवळा, रबर टेकल्यावर पाऊण फेरा, पान्याने नाही. निघालेलं ऑइल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.

एअर फिल्टर चिरेखाणीवर जाणाऱ्यांनी आठवड्याला बघायचा. ती लाल बारीक धूळ आत गेली तर पिस्टन रिंग खाते. हवा मारायची तर आतून बाहेर, बाहेरून आत नाही, आणि दोनतीनदा साफ केला की नवाच घाला.

डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी काढायची चावी असते, पावसात दर आठवड्याला ती सोडून अर्धा ग्लास पाण्यासकट डिझेल काढा, स्वच्छ यायला लागलं की बंद. टाकी रात्री शक्यतो भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत ओल धरते. फिल्टर बदलल्यावर हवा काढावी लागते: फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करा, हाताने पंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा, मग स्टार्टर. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला हे जमतं. कॉमनरेल गाडी असेल तर इंजेक्टरच्या पाईपांना पाना लावायचाच नाही, आत हजार बारच्या वर दाब असतो, ती धार कातडी फोडून आत जाते.

कूलंट म्हणजे हिरवं पाणी नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून विहिरीचं पाणी चालतं असं समजणारे आहेत, पण कूलंट गंज पण अडवतं आणि उकळायचा बिंदू पण वर नेतं. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. गरम इंजिनचं रेडिएटर झाकण उघडू नका, कितीही घाई असली तरी. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे बसतात, मागून पुढे हलक्या धारेने धुवा. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण १० ते १५ मिलिमीटर दबायला पाहिजे, कडा उसवल्या असतील तर बदला आणि एक जादा बेल्ट सीटमागे ठेवा.

पुरात गाडी बुडाली तर, चिपळूणला जुलै २०२१ ला शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या तेव्हा सगळ्यांनी हेच ऐकलं असेल, चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि टोचन करून न्या.

लाइट आणि बॅटरी

कोकणात इलेक्ट्रिकच्या शंभरातल्या बऱ्याच तक्रारी अर्थिंगच्या असतात. हेडलाइट पिवळट, इंडिकेटर घाईने मिचमिचतो, मागचा लाइट ब्रेक दाबल्यावर मंद होतो, हे दिसलं की बल्ब बदलायच्या आधी ती अर्थिंगची वायर शोधा, बोल्ट काढा, पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासा, परत आवळा आणि वरून ग्रीस. मागच्या लाइटची होल्डर पण तशीच घासा.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. टर्मिनलवर पांढरं हिरवं साचलं असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा, वाळवून पेट्रोलियम जेली. मल्टिमीटर लावा, रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला पाहिजे, कमी आलं तर बेल्ट नाहीतर अल्टरनेटर.

उंदीर वायरी खातात, त्यावर खात्रीचा उपाय मला कुणी दाखवलेला नाही. मांगरात सुक्या गवताशेजारी गाडी लावू नका, एवढंच.

टायर आणि पाटे

हवेचा आकडा दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा वेगळा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला, पण पावसात भरलेली गाडी चालवायची तर त्याच्या आधीच बदला. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, सेकंडहॅन्ड गाडीचा "नवा" टायर किती जुना आहे ते तिथे कळतं. पाट्यांचा मेन पाटा तुटलाय का ते आणि यू बोल्ट सैल आहेत का ते बघा. चिरे भरणारे जादा पाटे घालून घेतात, त्याने गाडी बसत नाही, पण ब्रेक आणि चेसी तेवढेच राहतात हे लक्षात असू द्या.

काय करू नये

डिझेल पंप, इंजेक्टर, स्टिअरिंग बॉक्स, चेसीचं वेल्डिंग, पुढच्या हबचं बेअरिंग पहिल्याच वेळी, हे गॅरेजवर. तिथे उभं राहून बघायला हरकत नाही, उलट बघाच.

पासिंगच्या आधी

मालवाहू गाडी ८ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी, त्याआधी दोन वर्षांनी. एमएच ०६, ०७ किंवा ०८, कुठल्याही आरटीओला जा, चेसी सडलेली असेल तर ती आदल्या दिवशी रंग मारून लपत नाही. तारखेच्या महिनाभर आधी सगळे लाइट, इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा, वायपर, हॉर्न, आरसे, रिफ्लेक्टर टेप, हँडब्रेक तपासून घ्या, चेसी नंबर कोरलेली जागा वायर ब्रशने साफ करून वाचता येतो का बघा आणि त्यावर जाड रंग मारू नका, पातळ ग्रीस पुरे. एप्रिल-मेमध्ये तारीख येत असेल तर लवकर अर्ज करून मोकळे व्हा, आंब्याच्या हंगामात गाडी एक दिवस उभी राहणं परवडत नाही आणि त्या दिवसांत चांगला मिस्त्री तर फोन पण उचलत नाही.